तीन सुवर्णपदकं आणि एकही ठोसा नाही

तुम्ही कधी कुणाला आयुष्यातला पहिला ठोसा खाताना बघितलंय का? सिनेमात नाही, खरोखर, अगदी चार हातांवरून! लोकांना वाटतं, माणूस कळवळत असेल. अजिबात नाही. पहिला ठोसा खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुखणं नसतंच, आश्चर्य असतं. 'अरे, हा मला खरंच मारतोय!' असं काहीतरी. आणि पुढच्याच क्षणी तो एकतर मागे वळतो, नाहीतर हात वर घेऊन परत उभा राहतो. बहुतेक जण उभे राहतात. मी हे इतक्या वेळा बघितलं, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

मी काही बॉक्सर नाही. कोपरीत राहते, ब्लाउज शिवते, शिक्षण बारावीपर्यंत. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नवोदितांच्या बॉक्सिंगच्या स्पर्धा असल्या, की रिंगजवळच्या टेबलाशी घड्याळ आणि घंटा घेऊन बसलेली जी बाई दिसते, ती मी. तिथे बसून बसून किस्से साठलेत. घरात डब्यांची झाकणं साठतात ना, तसे. कुठल्या डब्याचं कुठलं ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

*

मी यात आले कशी, ते आधी सांगते.

माझा मुलगा रोहन दहावीची परीक्षा देऊन घरी लोळत होता. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, यावर घरात रोज वाद. आमच्या घराजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये बागवे सर संध्याकाळी बॉक्सिंग शिकवतात. सर रेल्वेतून रिटायर झालेले, काटकुळे, नाक एका बाजूला वळलेलं. म्हटलं, जरा घाम तरी गाळेल! रोहनला हाताला धरून नेलं.

सरांनी महिनाभर त्याला नुसत्या दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. मग एक दिवस ग्लोव्हज घालून दुसऱ्या मुलासमोर उभं केलं. त्या मुलाने एक ठोसा मारला. एकच! रोहन रिंगमधून खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "आई, मी कॉमर्स घेतो."

तो गेला. मी राहिले!

झालं असं, की निघताना सरांनी विचारलं, "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? ही पंचिंग बॅग उसवली आहे, चार टाके घालाल का?" दाभण घेऊन मी ते टाके घालायला बसले, तोवर मुलांचा सराव बघत राहिले. दुसऱ्या दिवशी परत गेले. पुढच्या महिन्यात डोंबिवलीला स्पर्धा होती आणि वेळ बघणारा माणूसच आला नाही. सर म्हणाले, "ताई, कुकरच्या शिट्ट्या मोजता ना? मग बसा. दोन मिनिटं झाली की वाजवायची, एक मिनिट विश्रांती, परत वाजवायची."

मी पहिली घंटा एवढ्या जोरात हाणली, की रेफरीनेच दोन्ही हात वर करून तोंड झाकलं!

*

आता प्रज्ञाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे तिचंच सगळं आहे.

प्रज्ञा आमच्या मागच्या चाळीतली. तिची आई मायाताई हॉस्पिटलमध्ये आया आहे. पोरगी उंच, रुंद खांद्यांची, चालायला लागली की चाळीचा जिना सांगतो, 'प्रज्ञा आली.' शाळेत सगळ्यांनी चिडवून चिडवून तिला खांदे पाडून चालायला शिकवलं होतं. बागवे सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "सरळ उभी राहा. देवाने एवढी उंची दिलीय, ती काय वाकवायला?" तेव्हापासून ती रोज यायची. एक दिवस चुकवला नाही. क्लासमध्ये तिच्या वजनाची दुसरी मुलगीच नव्हती, म्हणून तिचा सराव सगळा नुसत्या बॅगवर.

नवोदितांची स्पर्धा म्हणजे ज्यांनी अजून फारसं काही जिंकलेलं नाही, त्यांची. नव्याला जुन्यासमोर उभं करायचं नाही, म्हणून ती वेगळी. आणि सारख्या वजनाचेच समोरासमोर येतात. आता प्रज्ञाचा वजनगट मुलींमधला सगळ्यांत वरचा. त्या गटात नाव देणाऱ्या मुली आधीच कमी. एखादीने दिलं तरी आयत्या वेळी यायची नाही.

मग काय होतं? पद्धत अशी आहे, की जी आली आहे तिने ग्लोव्हज, हेडगार्ड, सगळं घालून रिंगमध्ये उभं राहायचं. समोरच्या मुलीचं नाव माइकवर पुकारतात. मी मिनिटभर वाट बघते. मग घंटा वाजवते. रेफरी येतो आणि हिचा हात वर करतो. वॉकओव्हर! झाली ती विजेती. गटात दुसरं कुणीच नाही, म्हणून सुवर्णपदक!

प्रज्ञाला पहिल्यांदा असं पदक मिळालं तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा मिळालं तेव्हा गप्प बसली. तिसऱ्यांदा मी घंटा वाजवली आणि रेफरीने तिचं मनगट धरायच्या आधीच तिने आपणहून हात वर केला, 'आटपा एकदाचं' असा.

इकडे चाळीतल्या मंडळाने हा मोठा फ्लेक्स लावला. 'सुवर्णकन्या प्रज्ञा!' वर अकरा पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात ही. बिचारी त्या रस्त्याने जायचीच बंद झाली. कुणी ना कुणी अडवायचं. "प्रज्ञा, किती जणींना पाडलंस गं?"

ती खरं तेच सांगायची, "कोणालाच नाही."

"बघा! किती साधी आहे पोरगी!"

*

बागवे सर फारसं बोलत नाहीत. पण एकदा कल्याणहून परत येताना टेम्पोत त्यांना पहिल्या लढतीचं विचारलं, "सर, तुमची पहिली बाउट कुठे झाली?"

म्हणाले, "इथेच. कल्याणला, मैदानात."

त्या काळी म्हणे हॉल वगैरे काही नव्हतं. कारखान्यांतले, रेल्वेतले, पोलिसांतले लोक हौसेने बॉक्सिंग करायचे. कोलशेतकडच्या कारखान्यांतले कामगार पाळी संपली की तसेच सायकलवरून सरावाला यायचे. स्पर्धा म्हणजे मैदानात चार बांबू रोवायचे, मंडपवाल्याकडून दोर आणायचा, की झाली रिंग. खाली माती. नव्या मुलांच्या बाउट सकाळी आधी लावायचे, कारण ऊन चढल्यावर नामांकित लोक खेळणार. म्हणजे नव्यांचं रक्त सांडलं तर सकाळच्या पाण्याच्या सड्यात जाईल!

सरांच्या बाउटचा दुसरा राउंड चालू होता आणि मंडपवाला धावत आला. "दोर द्या! लग्नाचा मंडप अर्धाच बांधलाय, मुहूर्त चुकेल!" आणि त्याने खरंच दोर सोडायला सुरुवात केली! रेफरी ओरडतोय, मंडपवाला ऐकत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! बघायला आलेले लोक पुढे आले. एकमेकांचे हात धरून चारही बाजूंनी उभे राहिले. हमाल होते, हवालदार होते, शाळेचे मास्तर होते. मी मागे रेललो की ते मला पुढे ढकलायचे. माणसांची रिंग, ताई! तशी रिंग परत मिळाली नाही."

टेम्पोतली मुलं सरकून जवळ आली होती. शेवटी एकाने विचारलं, "सर, जिंकलं कोण?"

सर म्हणाले, "ते आठवत नाही. पण त्या लग्नात आम्ही दोघेही जेवलो."

*

बाउटच्या आधी सकाळी वजन करतात. ठरलेल्या गटाच्या वर शंभर ग्रॅम जरी भरलं तरी खेळता येत नाही. आमच्याकडे जितेश नावाचा मुलगा आहे, कोलशेतच्या खाडीकडचा. त्याची आई हिराबाई मासे विकते. ती त्याच्या पहिल्या स्पर्धेला आली होती. जितेश काट्यावर उभा राहिला. दोनशे ग्रॅम जास्त!

हिराबाई उसळली. "तुमचा काटा खराब हाय! माझा पोर सकालपासून पानी पन नाय प्यायला. असा काटा मी बाजारात लावला तं लोकं मना मारतील!"

"मावशी, काटा बरोबर आहे," वजन घेणारा मुलगा म्हणाला.

"बरोबर हाय? उतर रं जितेश!" आणि ती स्वतः वर चढली! सगळा हॉल बघतोय. काट्यावर आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

"बघला? बघला?" हिराबाई कडाडली. "मी कवा अठ्ठ्याऐंशी झाले? खोटा हाय काटा!"

जितेश बिचारा स्वेटरवर स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारून आला, घामाने निथळत. परत वजन केलं, बरोब्बर बसलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाबास! धावून उतरवलंस!"

हिराबाई म्हणाली, "धावून कसला? काटा घाबरला मना!"

*

नवोदित म्हणजे वयाने लहान असं नाही बरं का! कल्याणच्या एका सोसायटीतले दोन गृहस्थ होते, पस्तिशीच्या आसपासचे. पार्किंगवरून दोघांचं वर्षभर भांडण, बोलणं बंद. योगायोगाने दोघांनीही पोट कमी करायला बॉक्सिंग सुरू केलेलं, वेगवेगळ्या क्लासमध्ये. आणि स्पर्धेत नेमकी नावं समोरासमोर निघाली! अख्खी सोसायटी बघायला लोटली.

पहिलं अर्धं मिनिट असे हात चालले की मला वाटलं, आज काही खरं नाही. मग दम संपला. दोघांचाही! एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे राहिले. रेफरी ओरडतोय, "ब्रेक! ब्रेक!" सुटायला कुणी तयार नाही.

मी जवळच बसले होते म्हणून ऐकू आलं. एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणत होता, "सोडू नको रे, पडेन मी."

आणि दुसरा म्हणाला, "मी पण."

*

आमच्या ओंकारची गोष्ट तर अजून क्लासमध्ये रोज निघते.

पहिली बाउट. पहिला राउंड संपल्याची घंटा मी वाजवली. त्या घंटेनंतर नव्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही. कान वाजत असतात, हेडगार्ड डोळ्यावर आलेलं असतं. ओंकार वळला आणि सरळ जाऊन समोरच्या मुलाच्या कॉर्नरमध्ये, त्याच्या स्टुलावर बसला!

त्या कॉर्नरला डोंबिवलीचे सर होते. ते खाली वाकून पाण्याची बाटली उघडत होते. मान वर न करताच त्यांनी याच्या तोंडात पाणी ओतलं आणि घाईघाईने सांगायला लागले, "हे बघ, तो उजवा हात मारला की खाली टाकतो. तो खाली गेला की लगेच मार. कळलं?"

ओंकारने मान हलवली. "हो सर."

आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं. "अरे, तू कोण?"

तोवर त्यांचा मुलगा रिंगच्या मधोमध उभा, बसायला जागा नाही म्हणून!

पुढच्या राउंडमध्ये ओंकारने उजवा हात एकदाही खाली टाकला नाही. बाउट जिंकली. खाली उतरल्यावर बागवे सरांना म्हणतो कसा, "सर, डोंबिवलीचे सर खूप छान समजावून सांगतात हं!"

*

आता प्रज्ञाच्या चौथ्या स्पर्धेचं सांगते.

आमच्याकडच्या स्पर्धांचा नियम असा, की चार सुवर्णपदकं झाली की तुम्ही नवोदित राहत नाही. खुल्या गटात जायचं. कल्याणच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी सरांनी प्रज्ञाला बसवून सांगितलं. मी तिथेच बॅगेला ठिगळ लावत होते.

"यावेळीही समोर कुणी आलं नाही, तर तुझं नवोदितांतलं नाव गेलं. आणि खुल्या गटातल्या मुली वर्षानुवर्षं खेळलेल्या आहेत. एकही ठोसा न खाल्लेल्या मुलीला मी त्यांच्यासमोर उतरवणार नाही."

"मग मी नाव मागे घेते. पुढच्या वर्षी खेळेन."

"पुढच्या वर्षी तरी कोण येणार आहे?"

"म्हणजे सर, संपलं?"

सर म्हणाले, "एक खरी बाउट होऊ दे, प्रज्ञा. एकच. हर, जिंक, मला काही नाही. मग मी तुला कुठेही घेऊन जाईन. पण ती झाली नाही, तर संपलं."

प्रज्ञा रडली नाही. तिने उठून दोरी घेतली आणि उड्या मारायला लागली. 

स्पर्धेच्या सकाळी वजनाच्या रांगेत मी बघितलं आणि माझा विश्वास बसेना. बदलापूरची निकिता! प्रज्ञाएवढीच उंच, तशीच भरलेली, केसांच्या घट्ट दोन वेण्या. वजन झालं, नाव लागलं. प्रज्ञा माझ्या टेबलाशी आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काकू, आहे! समोर आहे कुणीतरी!"

दुपारी त्यांची बाउट पुकारली. "लाल कॉर्नर, प्रज्ञा. निळा कॉर्नर, निकिता." प्रज्ञा रिंगच्या पायऱ्यांशी तयार उभी. निळ्या कॉर्नरला कुणीच नाही.

दुसऱ्यांदा पुकारलं. निकिताचे सर इकडेतिकडे धावतायत. मुख्य पंचांनी माझ्याकडे बघितलं, "ताई, वेळ लावा."

मी घड्याळ दाबलं. काय करणार? एक मिनिट झालं की घंटा वाजवायची आणि त्या पोरीचं सगळं संपवायचं. माझ्याच हाताने! देवाशपथ सांगते, घंटा कधी एवढी जड वाटली नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागून हुंदका ऐकू आला. माझ्या टेबलामागेच बायकांचं बाथरूम होतं. दार आतून बंद!

तो हुंदका प्रज्ञानेही ऐकला. ती धावत आली आणि ग्लोव्हज घातलेल्या दोन्ही हातांनी दारावर धडाधड मारायला लागली. "आँय! भाएर ए! आँय!" तोंडात दातांचं गार्ड, शब्द फुटतोय कशाला! ग्लोव्हजमुळे तिला ते काढताही येईना. ती माझ्यासमोर वाकली आणि तोंड उघडलं. माझ्या एका हातात घंटा, दुसऱ्या हाताने मी ते गार्ड ओढून काढलं.

"निकिता, बाहेर ये!"

"मी नाही येणार!" आतून आवाज आला. "मला नाही खेळायचं! तुझी तीन गोल्ड आहेत!"

"खोटी आहेत ती!"

आतला हुंदका थांबला. 

"खोटी कशी?"

"वॉकओव्हर आहेत गं तिन्ही! मी कधी खेळलेच नाहीये! मला अजून कुणी मारलंच नाहीये!"

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ! विचार ह्या काकूंना, घंटा यांनीच वाजवलीय!"

घड्याळाकडची नजर न काढता मी ओरडले, "खरं आहे बाळा! पण लवकर ये गं!"

कडी सरकली. निकिता बाहेर आली, ग्लोव्हज-हेडगार्ड घातलेलीच, डोळे लाल, एक वेणी सुटलेली. नाक ओढत तिने प्रज्ञाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला पण भीती वाटतेय?"

"खूप," प्रज्ञा म्हणाली.

दोघी रिंगकडे पळत सुटल्या. मी गार्ड घेऊन प्रज्ञाच्या मागे हात लांब केला, ते सरांनी झेलून तिच्या तोंडात कोंबलं. निकिता दोरांतून आत शिरली तेव्हा मिनिट संपायला अगदी थोडं उरलं होतं. मी घंटा वाजवली. पण ती बाउट सुरू झाल्याची!

मी खूप बाउट बघितल्यात. चांगले चांगले बॉक्सर बघितलेत. पण त्या दोघींसारखं काही बघितलं नाही. तंत्र वगैरे काही नव्हतं त्यात, सर नंतर तेच म्हणाले. निकिताचा पहिलाच ठोसा प्रज्ञाच्या तोंडावर बसला, ती दोन पावलं मागे गेली, आणि हात वर घेऊन पुढे आली. मग प्रज्ञाचा बसला. निकिता हलली, तीही पुढे आली. कुणी मागे हटेचना! जमिनीचे हादरे माझ्या टेबलापर्यंत येत होते. मघाशी चहा प्यायला बाहेर गेलेले लोक आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटच्या राउंडला दोघींना हात उचलता येत नव्हते, तरी उचलत होत्या. माझ्या शेजारी बसलेले पंच, एवढे कडक गृहस्थ, हळूच म्हणाले, "बाप रे, पोरी आहेत की काय!"

मी शेवटची घंटा वाजवली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून तशाच उभ्या राहिल्या.

निकाल लागायची वेळ आली. रेफरीने मधे उभं राहून दोघींची मनगटं धरली. माइकवर आवाज आला, "विजेती, निळा कॉर्नर, निकिता!"

रेफरीने निकिताचा हात वर केला. आणि सवयीने प्रज्ञाचाही हात वर गेला!

रेफरी तो खाली ओढतोय, आणि तो काही खाली येईना. सगळा हॉल हसायला लागला. प्रज्ञाच्या लक्षात आलं, तीही हसायला लागली, सुजलेल्या ओठांनी, पण हात तिने वरच ठेवला. निकिताने रेफरीकडे बघितलं, मग स्वतःच पुढे होऊन प्रज्ञाचा तो हात धरला आणि आणखी वर नेला. हसणं थांबलं. टाळ्या सुरू झाल्या. बागवे सर पाठमोरे उभे राहून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते, आणि ते त्यांना काही केल्या लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाने चहा बशीत ओतून तोंडाच्या एका बाजूने प्यायला, आणि आईकडे अजून एक कप मागितला.